सगळं घर, एकच रात्र

दिवाळी सरली की गिरडच्या टेकडीवरून गार वारा खाली उतरतो आणि घरोघरी पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात. एका वर्षी त्या गोधड्यांसोबत आमच्या घरात खरूजही निघाली. आधी धाकट्या पुतण्याच्या बोटांच्या बेचक्यात, मग त्याच्या आजीच्या मनगटावर, मग माझ्या कमरेला. औषध आणलं, लावलं, गेली. संक्रांतीला परत आली. पुन्हा औषध, पुन्हा गेली. होळीच्या आधी तिसऱ्यांदा आली, तोवर घरात खरजेपेक्षा भांडणंच जास्त झाली होती. सासूबाई म्हणत, "पाणीच बदललं बाप्पा." जाऊबाईंना वाटे की औषधच डुप्लिकेट आहे. आणि मी दर आठ दिवसांनी घरातलं सगळं कापड गुंडात उकळत बसायची. तिघींचंही चुकत होतं.

खरूज येत होती जागलीवरून. आमचे भाऊजी हिवाळाभर रात्री घरी झोपत नसत. वावर जंगलाला लागून, हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही घुसतात, त्यामुळे संध्याकाळी जेवून ते मचाणावर जायचे. आम्ही औषध लावायचो रात्री, म्हणजे नेमके ते नसताना. पहाटे ते घरी यायचे आणि त्याच पुतण्याला कुशीत घेऊन दोन तास झोपायचे. खाजवत तेही होते, पण विचारलं की उत्तर एकच: "कुटारानं खाजून रायलं, बाकी काही नाही." तुरीचं कुटार अंगाला खाजतंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आठ जणांच्या घरात सात जणांनी औषध लावलं होतं. आठवा माणूस दर वेळी सगळ्यांना परत देत होता.

म्हणून पहिलंच सांगते. खरूज पुन्हा पुन्हा येत असेल तर औषधाला दोष देण्याआधी माणसं मोजा.

ही काय चीज आहे ते थोडक्यात. खरूज म्हणजे रक्तातली उष्णता नाही, पोटातली घाण नाही, कुणाची नजर तर नाहीच. माणसाच्या कातडीत बीळ करून राहणारा एक किडा आहे, आठ पायांचा, गोचिडाच्या जातकुळीतला. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, खसखशीचा दाणा तिच्यापुढे मोठा. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत पुढे सरकते आणि दिवसाला दोन-तीन अंडी घालते, महिना-दीड महिना. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि दोन आठवड्यांच्या आत पिलांची नवी फौज तयार होते. एवढं सगळं चालू असताना साध्या खरजेच्या रोग्याच्या अंगावर किडे असतात किती? बहुधा दहा-पंधरा. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खरा वाटला नव्हता. रात्रभर जीव नकोसा करणारी खाज आणि किडे मोजून डझनभर! खाज किड्याच्या चावण्याची नसते. त्याची अंडी, विष्ठा आणि लाळ यांच्यावर आपलं शरीर चिडतं, त्याची ती असते.

हे नीट लक्षात आलं तर सगळ्या भांडणांची उत्तरं त्यातच आहेत. शरीराला चिडायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस माणूस किडा घेऊन हिंडतो, लेकरांना जवळ घेतो, आणि शपथेवर सांगतो की मला काही नाही. तो खोटं बोलत नसतो. ज्याला पूर्वी होऊन गेली आहे त्याला मात्र दुसऱ्या खेपेला एक-दोन दिवसांतच खाज सुटते. घरात सर्वांत आधी जो खाजवायला लागला तो दोषी, हा हिशोब त्यामुळे बहुतेक वेळा उलटा असतो. शाळेतून पोरानं आणली, माहेराहून सुनेनं आणली, असले वाद घालू नका. त्यातून कधीच काही निघत नाही.

आता ओळखायची कशी? रात्री वाढणारी खाज आणि घरात एकाहून जास्त माणसं खाजवणारी, या दोन गोष्टी जुळल्या की निम्मी खात्री झाली. मग जागा बघा. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, लुगड्याची किंवा नाडीची जागा, ढुंगण, बायकांमध्ये स्तनांच्या खाली आणि बोंडांभोवती, पुरुषांमध्ये जननेंद्रियावर बारीक गाठी. तान्ह्या बाळांमध्ये मात्र तळहात, तळपाय, डोकं आणि चेहरासुद्धा. उजेडात नीट पाहिलं तर कुठेतरी अर्धा-एक सेंटिमीटरची वाकडीतिकडी राखाडी रेघ दिसते. तेच किड्याचं बीळ. सेवाग्रामला शिकलेल्या एका डॉक्टरांनी ते मला शाईनं दाखवलं होतं. संशयाच्या जागी शाईपेनाची निळी शाई चोळली, मिनिटभरानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. वरची शाई निघून गेली, बिळात शिरलेली राहिली. सासूबाईंच्या मनगटावर निळी नागमोडी रेघ उमटली. त्या बराच वेळ मनगट फिरवून फिरवून पाहत होत्या. त्यानंतर पाण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

सगळीच खाज खरजेची नसते, हेही सांगायला हवं. गोल कड असलेला, मधून साफ होत बाहेर पसरणारा चट्टा म्हणजे गजकर्ण, त्याचं औषध वेगळं. गाजरगवतात काम करणाऱ्या माणसाचा चेहरा, मान आणि कोपराच्या घड्या उघड्या जागी लाल होऊन खाजत असतील आणि घरात बाकी कुणाला काही नसेल, तर ती त्या गवताची अॅलर्जी. आणि वर्धा जिल्ह्यात आजही कातडीवर काही दिसलं की जुन्या माणसांच्या मनात दत्तपूर येतं. मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये तिथं कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे आजाराशी जोडला गेला आहे. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, उलट तिथली संवेदना जाते. खाजणाऱ्या माणसाला त्या भीतीनं लपवून ठेवू नका. आणि बधिर चट्टा असलेल्यालाही लपवू नका, त्याचंही औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

आता रात्रीकडे वळू. खरा प्रश्न त्या एका रात्रीचा आहे.

डॉक्टर बहुतेक वेळा परमेथ्रिन पाच टक्क्यांचं क्रीम देतात. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते लावायचं. सगळ्यांनी म्हणजे कुणी? त्या छताखाली झोपणारे सगळे, शिवाय महिन्याभरात ज्यांच्यासोबत अंथरुणात झोपणं झालं, ज्यांनी लेकराला तासन् तास कडेवर घेतलं, ते सगळे. जागलीवर जाणारा माणूस. वसतिगृहात शिकणारी, शनिवारी घरी येणारी पोरगी. दुपारी नात सांभाळणारी शेजारची आजी. बाळंतपणाला आलेली नणंद. बुटीबोरीला कामाला जाऊन रात्रपाळी करणारा मुलगा. कागद घ्या आणि नावं लिहा. आमची यादी आठावरून अकरावर गेली, तेव्हा कुठे घरातल्यांना पटलं.

रात्र निवडताना पंचांग नाही, घराचं वेळापत्रक बघा. ज्या दिवशी यादीतलं प्रत्येक माणूस घरी असेल किंवा आपापल्या ठिकाणी औषध लावू शकेल ती रात्र. आम्ही शनिवार धरला, कारण पोरगी त्या दिवशी यायची. भाऊजींच्या जागी एका रात्रीसाठी चुलत सासरे वावरात गेले. एक रात्र डुकरांनी हरभरा खाल्ला असता तरी परवडलं असतं, पण शेतकऱ्याला हे सांगून पटत नाही, म्हणून बदली माणूस शोधा. वावरातच औषध लावून झोपतो असं कुणी म्हणालं तर तेही चालेल. मात्र पाठीला लावायला दुसरा माणूस लागतो आणि मचाणावर तो नसतो.

क्रीम किती लागतं, इथे सगळी घरं चुकतात. मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण तीस ग्रॅम, म्हणजे अख्खी ट्यूब. सात-आठ वर्षांच्या पोराला साधारण निम्मी. आम्ही पहिल्यांदा दोन ट्यूबा आणून सात जणांत वाटल्या होत्या आणि खाजेल तिथं बोट टेकवलं होतं. औषध डुप्लिकेट नव्हतं, अपुरं होतं. किडा खाजेच्या जागीच असतो असं नाही. तो जिथे असतो तिथे अजून खाज सुटलेलीही नसेल. म्हणून हनुवटीच्या खालपासून पायाच्या नखापर्यंत कातडीचा इंचही सोडायचा नाही. बोटांची बेचकी, नखांच्या खाली (आधी नखं कापा, त्यात खाजवलेले किडे अडकलेले असतात), काखा, बेंबी, जांघा, गुप्तांग, दोन ढुंगणांमधली फट, तळपाय. लाजेच्या जागा राहून जातात आणि तिथूनच परत सुरू होतं. बाळांना आणि अगदी म्हाताऱ्या माणसांना डोक्याला, कपाळाला आणि कानामागेही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून.

गरम पाण्यानं आंघोळ करून लगेच लावू नका. अंग गार आणि कोरडं होऊ द्या. लावल्यावर किमान आठ तास, शक्यतो रात्रभर अंगावर राहू द्या आणि सकाळी धुवा. याच जागी बायकांचं औषध वाया जातं. लावून झालं की कुणीतरी जेवायला मागतं, भांडी पडलेली असतात, लेकराचं ढुंगण धुवायचं असतं. हात पाण्यात गेला की हातावरचं औषध गेलं, आणि किड्याची सर्वांत आवडती जागा हातच. म्हणून जेवणं, भांडी, सगळं आटोपल्यावर लावा, आणि हात धुवावे लागलेच तर हातांना पुन्हा लावा. त्या एका रात्री पुरुषांनी लेकरांचं बघितलं तर काही बिघडत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनं पाजण्याआधी स्तन पुसून घ्यावा आणि पाजून झाल्यावर तिथे परत लावावं. लहान मूल बोटं चोखत असेल तर हातांना औषध लावून मोजे घाला.

आणि मग दुसरी रात्र. सात ते दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा, त्याच सगळ्या माणसांनी. पहिल्या रात्री चालते-फिरते किडे मरतात, पण अंड्यांच्या बाबतीत औषधाचा तेवढा भरवसा नाही. चार दिवसांत अंडी फुटतात आणि पिलं मोठी होऊन अंडी घालायला लागण्याआधी दुसरा घाव घालायचा असतो. आठव्या दिवशी खाज बरीच कमी झालेली असते, म्हणून अर्धं घर दुसऱ्या रात्रीला दांडी मारतं. आमच्याकडे संक्रांतीला तेच झालं होतं. यादीच्या कागदावर दोन रकाने पाडा, पहिली रात्र आणि दुसरी रात्र, आणि लावेल तशी खूण करा. कॅलेंडरच्या खिळ्याला तो कागद लटकू द्या.

क्रीमऐवजी किंवा त्यासोबत काही वेळा आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. ज्या शोधातून हे औषध आलं त्यासाठी जपानचे सातोशी ओमुरा आणि अमेरिकेतले विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. डोस वजनावर ठरतो, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम, आणि दुसरा डोस एक-दोन आठवड्यांनी. गरोदर बाईला आणि पंधरा किलोच्या आतल्या मुलाला या गोळ्या देत नाहीत. जनावरांच्या डॉक्टरकडे याच नावाचं इंजेक्शन असतं. गोठ्यातली ती बाटली माणसासाठी नाही. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ आणि गरोदर बाई यांचं औषध डॉक्टरांनीच ठरवावं. अशांसाठी गंधकाच्या मलमासारखे जुने, सौम्य उपायही त्यांच्याकडे आहेत.

सगळ्या माणसांना एकाच वेळी औषध देणं ही घरातल्या बाईची हट्टाची गोष्ट नव्हे. फिजी बेटांवर हे मोजून पाहिलं गेलं. एका ठिकाणी फक्त खरूज असलेल्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना औषध दिलं, दुसऱ्या ठिकाणी सरसकट सगळ्यांना परमेथ्रिन, तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांना आयव्हरमेक्टिन. सरसकट आयव्हरमेक्टिन दिलेल्या ठिकाणी वर्षभरात खरूज शेकडा 32 वरून शेकडा 2 च्या आत आली. फक्त रोग्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना औषध दिलेल्या ठिकाणी ती निम्मीच झाली. 2015 साली हे प्रसिद्ध झालं आणि 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. इतक्या जुन्या, इतक्या साध्या दुखण्याकडे दुर्लक्ष झालंय हे मान्य करायलाही इतका उशीर लागला.

आता माझ्या गुंडाविषयी. त्या हिवाळ्यात मी किती सरपण जाळलं त्याचा हिशोब नाही. पडदे उकळले, सतरंज्या उकळल्या, एक लोकरीची शाल उकळून तिचं फडकं केलं. पुढे कळलं की याचा छडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लागला होता. इंग्लंडात शेफील्डला केनेथ मेलानबी नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सैन्यात खरूज बोकाळली होती आणि सरकार गाड्या भरभरून घोंगड्या निर्जंतुक करत होतं. मेलानबींनी 1941 मध्ये युद्धाला नकार देणारे काही शांततावादी तरुण स्वयंसेवक म्हणून घेतले, आणि त्यांना खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे घालायला नि त्यांच्या घोंगड्यांत झोपायला लावलं. आठवडेच्या आठवडे गेले तरी बहुतेकांना काहीच झालं नाही. कापडातून खरूज क्वचितच जाते, कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली की जाते, हे त्यातून कळलं.

म्हणजे कापड सोडूनच द्यायचं असं नाही, पण जिवाचा आटापिटा करायची गरज नाही. माणसाच्या अंगावरून पडलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. औषध धुतलं त्या सकाळी, मागच्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे, चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे एवढंच हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवा, धुवा आणि वर्ध्याच्या उन्हात वाळवा. धुता न येणाऱ्या गोधड्या, कापसाच्या गाद्या, स्वेटर प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांधून बाजूला ठेवा. तीन दिवस पुरतात, मी मनाच्या समाधानासाठी आठवडा ठेवते. घर सारवणं, भिंती धुणं, पलंग जाळणं, काही नको. गोठ्यातल्या जनावराला किंवा दारच्या कुत्र्याला खरूज असेल तर त्याच्यावर उपचार जरूर करा, पण त्याचा किडा वेगळ्या जातीचा आहे. तो आपल्या अंगावर थोडे दिवस खाजवेल, बिऱ्हाड करणार नाही.

आपल्या भागात एक गोष्ट फारच गंभीर आहे. कपाशीवर सायपरमेथ्रिन फवारतात, आणि परमेथ्रिन नाव ऐकलं की एखाद्याच्या डोक्यात येतं की हे तर आपल्या कोठ्यात आहे. घराणं एकच आहे, हे खरं. पण शेतीचं औषध कितीतरी तीव्र असतं, त्यात मिसळलेले द्रावक कातडीतून शरीरात शिरतात, आणि बाटलीत नेमकं काय आहे याचाही नेम नसतो. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवाऱ्याचं औषध पाण्यात घालून अंगाला, गादीला किंवा लेकराच्या डोक्याला कुणी लावत असेल तर तिथेच हात धरा.

दुसरी धोक्याची गोष्ट मेडिकलच्या फळीवर असते. "खुजलीची ट्यूब द्या" म्हटलं की बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम हातात पडतं. त्यात तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि शरीराची चीड दबल्यामुळे किडे आत निवांत वाढतात. पुढे खरूज खरजेसारखी दिसतही नाही. आमच्या पहिल्या खेपेत असंच एक मलम महिनाभर चाललं. करंजतेल, कडुनिंबाचा पाला यांनी अंगाला आराम पडतो, ते लावायला माझी ना नाही, पण नेमलेल्या रात्री अंगावर क्रीमशिवाय काही नको. टेकडीवरच्या बाबा फरीदांच्या दर्ग्याला नवस बोलायचा तर तोही बोला. ज्यांनी थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड केले अशी आख्यायिका आहे, त्यांना क्रीमचा राग येणार नाही. तिथून एक मात्र आठवलं. दर्ग्यामुळे गिरडच्या घरांत पाहुण्यांची ये-जा वर्षभर असते. पाहुणे चार दिवस राहून, लेकरांसोबत झोपून गेले असतील तर त्यांनाही फोन करून कळवा.

औषध बरोबर झालं तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. किडे मेले, पण त्यांचा कचरा कातडीत असतो, आणि कातडी झडून नवी येईपर्यंत शरीर त्यावर चिडत राहतं. हे माहीत नसलं की माणूस रोज क्रीम चोपडतो, त्यानं कातडी जळजळते, आणि तीच खाज खरूज समजून तो आणखी चोपडतो. दोन रात्रींनंतर क्रीम बंद. खोबरेल तेल लावा, डॉक्टरांनी दिली तर झोपताना खाजेची गोळी घ्या. जननेंद्रियावरच्या गाठी तर महिनोन् महिने राहतात, त्या पुन्हा लागण झाल्याच्या खुणा नव्हेत. मात्र महिना उलटल्यावर नव्या जागी नव्या पुळ्या येत असतील, नवी बिळं दिसत असतील, तर यादी पुन्हा काढा. कोण सुटलं ते आधी शोधा. कुणीच सुटलं नसेल, दोन्ही रात्री नीट झाल्या असतील, तर डॉक्टरांना औषध बदलायला सांगा. परमेथ्रिनचा गुण पूर्वीसारखा येत नाही असा अनुभव अलीकडे भारतातले त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. पण ती शेवटची शंका असावी, पहिली नाही.

घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, किंवा कुणी दम्यासाठी, संधिवातासाठी बरेच दिवस स्टिरॉइड घेत असेल, तर त्यांच्याकडे मुद्दाम बघा. अशा माणसाला कधी कधी खाज जवळजवळ नसते, पण बोटांमध्ये, टाचांवर, नखांखाली जाड पापुद्रे धरतात, आणि त्या पापुद्र्यांत डझनभर नव्हे, हजारो-लाखो किडे असतात. कापडातून, अंथरुणातून पसरते ती ही खरूज. अशा एका माणसापायी अख्खी गल्ली खाजवू शकते, आणि त्याला नुसत्या क्रीमनं भागत नाही, दवाखान्यात न्यावंच लागतं.

मुलांच्या बाबतीत पुवाळलेल्या पुळ्यांकडे दुर्लक्ष करू नका. खाजवून फुटलेल्या कातडीत जंतू शिरतात. काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा, विशेषतः डोळ्यांखाली, सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती मूत्रपिंडाची सूज असू शकते. पू असेल तर त्याचं औषध आधी किंवा सोबत सुरू करावं लागतं. त्यासाठी गिरडचं आरोग्य केंद्र आहे, समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय आहे, आणि किचकट दुखणं असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. जाताना एकट्या रोग्याला पाठवू नका. तो कागद न्या आणि सांगा, आम्ही इतके जण आहोत, त्यात इतकी लहान मुलं, इतक्यांची वजनं एवढी, एक गरोदर आहे. डॉक्टरांसमोर एकच माणूस बसला तर चिठ्ठीवर एकाचंच औषध उतरतं.

शाळेच्या मास्तरांना आणि अंगणवाडीच्या ताईंना सांगायला लाजू नका. पहिली रात्र झाली की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकतं, त्याला घरी डांबण्याची गरज नाही. वर्गातल्या आणखी दोघा-तिघांना असेल तर त्या घरांनीही तीच रात्र धरलेली बरी. आम्ही शेजारच्या घराला सांगितलं तेव्हा तिथली सासू आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "आमच्याकडे बी हाये वो, सांगाव कसं म्हून चूप होतो." त्यांची आणि आमची दुसरी रात्र एकाच शनिवारी झाली.

त्यानंतर दोन हिवाळे गेले, आमच्याकडे खरूज आली नाही. या दिवाळीत तुमच्या घरात कुणी खाजवताना दिसलं तर मेडिकलला जाण्याआधी यादी करा, आणि तुमचा माणूस जागलीवर असेल तर आजच त्याला फोन लावून विचारा, येत्या शनिवारी घरी झोपायला येतो का.